कडीचा रुपया

अशी कल्पना कर, तुझ्या तळहातावर एक जुनं नाणं आहे. आधी ते गार लागतं. मूठ मिटलीस की तुझी ऊब हळूहळू त्याला चढते. टेबलावर ठेवलंस की थोड्या वेळात ते पुन्हा गार. सगळी नाणी अशीच वागतात. आता असं एक नाणं डोळ्यांसमोर आण, जे तू हात लावण्याआधीच उबदार आहे. जणू कुणी आत्ताच गळ्यातून काढून ठेवलंय.

असं नाणं आयुषीला मिळालं. चोपड्याच्या बाजारात तिच्या दादाजींचं, म्हणजे पुखराजशेठांचं, चांदीचं दुकान आहे. पाचवीतल्या आयुषीला नाणी जमवायची होती. दादाजींनी बिस्किटांचा जुना डबा तिच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, यातली पाच घे, सुरुवातीला तेवढी पुरेत. नाणं कडेनं धरायचं, घासून चकचकीत करायचं नाही, कारण घासलं की त्याचं वय पुसलं जातं. साल वाचता येईल असं निवडायचं. किंमत बघायची नाही, वेगळेपण बघायचं.

आयुषीनं मन लावून निवड केली. मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा. सहा कोनांचे तीन पैसे, इतके हलके की फुंकरीनं सरकावेत. कमळाचे पिवळे वीस पैसे. नागमोडी कडेचे दहा पैसे. पाचवं नाणं डब्याच्या तळाशी काळ्या दोऱ्यात होतं. तो राणीछाप चांदीचा रुपया होता. वर छोटी कडी जोडलेली, आणि राणीचा चेहरा झिजून सपाट झालेला.

"तो नको," दादाजी म्हणाले. "कडी लावलेलं नाणं संग्रहात घेत नाहीत."

"पण हे गरम का आहे?"

दादाजींनी हात पुढे केला नाही. डबा उन्हात असेल, म्हणाले. बाहेर तीन दिवसांची झड लागली होती.

आयुषीनं तो रुपया घेतलाच. घरी नाणी ठेवायच्या वहीच्या पाच खिशांत पाच नाणी बसवली. चार गार राहिली. पाचवं सकाळी उबदार, दुपारी उबदार, शाळेतून आल्यावरही उबदार. चौथ्या दिवशी दुकानात जाताना तिला आणखी एक गोष्ट दिसली. दुकानाचा ओटा पावसानं भिजला होता, पण एका कोपऱ्यात, माणूस बसेल एवढी जागा कोरडी होती. वर छप्पर नव्हतं. ती खाली वाकली आणि जागेवर हात न ठेवताच मागे सरली.

मग तिनं वही दादाजींच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, हे कोणाचं आहे?

दादाजींनी वही मिटून बाजूला ठेवली. मग त्यांनी सांगितलं. बारा वर्षांपूर्वी शिरपूरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून सोनीबाई आली होती. तिची लेक उषा लहानपणीच गेली होती. हा रुपया उषाच्या गळ्यातला. कडी तुटली म्हणून जोडायला आणला होता. दादाजींनी सवयीनं सांगून टाकलं, पुढच्या बाजाराला ये. त्या दिवशी संवत्सरी आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. संवत्सरी म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी जैनांची दुकानं बंद असतात, आणि प्रत्येक जण प्रत्येकाला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या अमृत शिंप्यानं सांगितलं, एक बाई दिवसभर तुमच्या ओट्यावर बसून होती, बंद शटरकडे बघत. दादाजी रुपया घेऊन तिच्या पाड्यावर गेले. तिथे तिचा मुलगा बिजला भेटला. सोनीबाई त्या बाजाराच्या दोन दिवस आधीच वारली होती.

"मग बसली होती ती कोण?" आयुषीनं विचारलं.

"मीही बिजलाला तेच विचारलं. त्यानं रुपयाला हात लावला नाही. म्हणाला, 'माय सांगी गयी, मी सोता लेवाले जासू. मंग तुम्ही तिलेच द्या, शेठ.' म्हणजे मरण्याआधी ती सांगून गेली होती, रुपया मी स्वतः घ्यायला जाईन."

तेव्हापासून दर संवत्सरीला अमृतला ती ओट्यावर दिसते. आणि दर संवत्सरीला दादाजी बाजाराकडे फिरकतही नाहीत.

चार दिवसांनी संवत्सरी आली. सकाळपासून दादाजी फोनवर होते. व्याह्यांना, गिऱ्हाइकांना, भांडण झालेल्या भावालाही त्यांनी मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. आयुषी वही घेऊन समोर बसली होती.

"सोनीबाईला म्हणालात?"

दादाजींनी फोन खाली ठेवला. आज दुकान उघडत नाहीत, बेटा, एवढंच म्हणाले.

"विकायला उघडत नाहीत. द्यायलाही नाही का?"

त्यांनी कमरेची किल्ली सोडायला खूप वेळ लावला. मग दोघं निघाले. पाऊस बारीक होता. बाजारात जैनांची दुकानं बंद, बाकीची उघडी. अमृत मशीन थांबवून बघत होता. त्याच्या दारापर्यंत येऊन दादाजी थांबले. त्यांनी किल्ली आयुषीच्या हातात दिली.

ओटा चिंब होता. कोपऱ्यातली जागा मात्र कोरडी.

आयुषीनं कुलूप काढलं आणि दोन्ही हातांनी जोर लावून शटर गुडघ्यापर्यंत वर केलं. वहीच्या पाचव्या खिशातून रुपया काढला. तो आज इतका तापला होता की तिला तो या हातातून त्या हातात घ्यावा लागला. मग ती ओल्या ओट्यावर, कोरड्या जागेच्या अगदी शेजारी बसली.

"दादाजी माफी मागायला येताहेत," ती त्या जागेकडे बघून म्हणाली, आणि तिनं त्या जागेपुढे हात करून मूठ उघडली.