दहा लाख एक

गुंगालिन उपनगरातून सुटलेल्या ट्रॅममध्ये जागा रिकाम्या होत्या, तरी शैलेंद्र उभाच. एका जागी बसवेचना. हातात कॉफीची पावती, तिच्या पाठीवर एकच आकडा: १०,००,००१.

तीन आठवड्यांपूर्वी त्यानेच तो ऑफिसच्या प्रोग्रॅममध्ये घातला होता. घरी मदतनीस हवी असलेल्या म्हाताऱ्या माणसांना नंबर द्यायचे होते. दर वेळी एकशे एकने पुढे जायचं, दहा लाख एकच्या पलीकडे गेलं की तेवढे वजा करून परत सुरुवातीकडून. मोठा आकडा मूळ संख्या असला, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानेच भागला जात नसला, की सगळे नंबर वाटून होईपर्यंत एकही दुसऱ्यांदा येत नाही.

आता हेच आकडे का? घरची सवय, दुसरं काय! आहेराचं पाकीट अकराचं, एकवीसचं, नाहीतर एकशे एकचं. वरचा एक नसला की ह्या पुणेकराला चैन पडत नाही. सातने भागून पाहिलं, बाकी दोन. अकराने दोन, तेरानेही दोन. झालं, गडी खूश. तिथेच थांबला.

शेजारच्या टेबलावरची मिल्ड्रेड, मूळची वसईची, टेस्टिंग बघायची. तिने विचारलं होतं, "प्राइम आहे ना रे नक्की? शेवटपर्यंत भागलंस?"

"अगं, वरचा एक शुभ असतो. नो वरीज," म्हणत त्याने हसण्यावारी नेलं. तिने विश्वासाने सही केली.

आणि काल ९,९०२व्या आजींना पहिल्या आजोबांचाच नंबर मिळाला. मदतनीस गेली आजोबांच्या दारात. आजी दुपारपर्यंत अंघोळीसाठी ताटकळल्या.

ट्रॅममध्ये त्याने अखेर एकशे एकने भागलं. भागाकार नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य. म्हणजे तेवढे नंबर वाटून झाले की परत पहिलाच. शाळकरी पोरालाही जमलं असतं हे. अकराच्या मीटिंगमध्ये त्याचं आणि मिल्ड्रेडचं काँट्रॅक्ट वाढवायचं की नाही ते ठरणार होतं, आणि घरी बायकोला, यामिनीला, सातवा महिना. मिल्ड्रेडची सही आहे, आपण कशाला तोंड उघडायचं? हा विचार तो झटकत होता आणि तो पुन्हा येत होता.

मीटिंगमध्ये मॅनेजरबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "टेस्टवर सही कोणाची?"

"माझी," मिल्ड्रेड म्हणाली.

आता ही माझ्याकडे बघणार, असं शैलेंद्रला वाटलं. तिने बघितलं नाही. बघितलं असतं तर तो चिडला असता आणि चिडून गप्प बसला असता. स्वतःला तो ओळखून होता. त्याला लाज वाटली.

"तिने मला विचारलं होतं," तो म्हणाला. "मी नीट न तपासता हो म्हटलं."

मॅनेजरबाईंनी समोरच्या काँट्रॅक्टच्या दोन कागदांतला एक मिल्ड्रेडकडे सरकवला. दुसरा फाइलमध्ये परत गेला, आणि यामिनीला काय सांगायचं ह्याचा विचार करत शैलेंद्र खुर्चीवरून उठला.