आज कमळ आलं नाही

"आज मिळेल ना गं पँट? की तुझी सुई पण म्हातारी झाली?" ल्याओ बाईंनी पुन्हा विचारलं.

बीशियाने मान हलवली. सुई हातात तशीच होती. डोळे मात्र फोनवर.

कमळ आलं नव्हतं.

रोज उजाडायच्या आत घरच्या ग्रुपवर कमळ यायचं. कधी गुलाबी, कधी पांढरं, पाकळीवर दवाचे थेंब, आणि त्यावर ठसठशीत पिवळ्या अक्षरांत सुखी राहण्याचा एखादा सोपा उपाय. पाठवणारा तिचा थोरला भाऊ, चिंगशान. वहिनी गेल्यापासून शिन्यिंग गावात एकटाच राहणारा. बीशियाने ग्रुपचा आवाज कधीचा बंद करून टाकला होता. सकाळी पेज खाता खाता ती ते चित्र पुसून टाकायची, टेबलावरचं शीत पुसावं तसं.

आज पुसायला काही नव्हतं.

होता तो फक्त लेकीचा काल रात्रीचा निरोप. 'मामा, रोज रोज चित्रं नका ना पाठवू. फोन भरतो.' आणि त्याखाली मामाने पाठवलेला एक हसरा चेहरा.

"रुसला असेल," ल्याओ बाई म्हणाल्या. "पुरुष म्हातारे झाले की रुसतातच. आमचे तर तरुणपणापासून रुसलेत."

"मग फोन का उचलत नाही?"

"रुसलेला माणूस फोन उचलतो होय?"

बीशियाने पुन्हा फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. तिने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, कालचे दोन पेरू पिशवीत टाकले आणि बस पकडली.

रुसलेलाच असू दे, देवा.

*हळू चावा. हळू बोला. माफ मात्र लवकर करा.*

ती कधी वाचायची नाही. तरी दादाची ही वाक्यं पाठ कशी झाली होती?

बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती. कुणी शाळेची मुलं, कुणी कोंबडी घेतलेली बाई, सगळे सावकाश चढत होते, जणू शिन्यिंगला कुणाच्याच घराचं दार आतून बंद नव्हतं. दादाच्या न्हाणीघराची फरशी निसरडी आहे, हे ती नवीन वर्षाला गेली होती तेव्हाच बोलली होती. नुसतं बोलली होती. एक पायपुसणं नेऊन टाकायला काय झालं होतं?

*सकाळी कोमट पाणी प्या. रागाला उंबऱ्याबाहेर*

पुढचं आठवेना. रागाला बाहेर काय करा? बसवा? ठेवा? ते आठवलं तर दादा ठीक असेल, असं तिला उगाच वाटू लागलं, आणि आठवेचना.

*ज्याची आठवण येते, त्याला*

बस थांबली.

जिना. दार. तिने बेल दाबली, मग तळहाताने दार वाजवलं, मग मुठीने.

"आलो, आलो. दार तोडतेस का?"

चिंगशान बनियनवर उभा होता. हातात चमचा. "तू? आज दुकान नाही?"

पेरूंची पिशवी बीशियाने त्याच्या छातीवर जवळजवळ ढकललीच. "फोन कुठंय तुझा?"

"तांदळाच्या डब्यात."

"काय?"

"हात शिवशिवतात गं. समोर असला की पाठवावंसं वाटतं." तो ओशाळून हसला. "पोरगी बरोबर बोलली. लोकांना कामं असतात."

टेबलावर रताळं घातलेली पेज वाफाळत होती, शेजारी मुळ्याचं लोणचं. एकच वाटी.

"आजचं कमळ केलं होतंस?"

"ते तर कालच करून ठेवलं होतं." त्याने डब्यात कोपरापर्यंत हात घातला, फोन काढला, बनियनला पुसला. चित्रात पांढरं कमळ. वर पिवळी अक्षरं:

*दारात कुणी आलं, तर आधी विचारा, जेवलास का?*

"पाठवू?" त्याने विचारलं. "तू म्हणशील तर."

"पाठव ना, दादा."

त्याने तर्जनीने जपून बटण दाबलं. बीशियाचा फोन टेबलावर दोघांच्या मध्ये पडला होता. चिंगशान मान किंचित कलती करून त्याच्याकडे बघत राहिला, लोणच्याच्या वाटीवरून.

फोन वाजला नाही.

ग्रुपचा आवाज तिनेच बंद केलेला; बीशियाचे कान तापले. तिने हात पुढे केला, मग मागे घेतला.

"या घरात रेंजच मिळत नाही मेली," चिंगशान म्हणाला, आणि दुसरी वाटी आणायला उठला. "जेवलीस का?"