चार गाळे आणि पाचवी मी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. माझा मूळ रंग निळा होता, हे टाकीखालच्या बोटभर जागेवरून अजून कळतं. बाकी अंगावर वाळू आहे. जॉर्डनच्या दक्षिणेतल्या तांबड्या वाळवंटात पस्तीस वर्षं काढली की रंगाचा अभिमान उरत नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं, पुसलं आणि खोक्यावर 'शेतीच्या हलक्या कामांसाठी' अशी चिठ्ठी चिकटवली. ती चिठ्ठी इथे कुणालाच वाचता आली नाही. मितलक नावाच्या एका तरुणानं मला अकबाच्या बंदरातून घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यावर त्याची नवरी, नवरीची आई आणि एक शिवणयंत्र बसवलं. ती नवरी म्हणजे आजची उम्म दहाम, म्हणजे दहामची आई. ती अजून सांगते, "त्या दिवशी मांडीवर शिवणयंत्र नसतं ना, तर मी उतरून चालत माहेरी गेले असते."

पुढची वर्षं फार सुखाची गेली. मी पाण्याची पिंपं वाहिली, कडब्याचे भारे वाहिले, एकदा चौकटीसकट एक दार वाहिलं. एकदा फ्रिज आणला, तेव्हा उन्हाचा त्रास नको म्हणून त्यात एक शेळी बसवली होती. दार काढून, अर्थात. आमच्याकडे शेळ्यांची काळजी घेतात.

मितलकला दोन मुलं. थोरला दहाम, म्हणून मितलकला लोक अबू दहाम म्हणतात; तो फौजेत गेला. धाकटी थुरय्या अकराव्या वर्षी माझ्यावर बसली आणि अजून नीटशी उतरलेली नाही. आता ती वीस वर्षांची आहे. दूरदूरच्या तंबूंपर्यंत शेळ्यांची औषधं आणि सुया पोचवायचं काम करते. कुठे वाळू, कुठे खडक, कुठे कोरड्या ओढ्याचं पात्र, शेवटी थोडी डांबरी सडक. माझी दुरुस्तीही तीच करते. माझ्या आसनावर तिनं बकरीच्या केसांची घोंगडी शिवली आहे. ती टोचते, पण मायेनं टोचते.

आणि मग, मित्रांनो, मितलकला स्वप्न पडलं.

त्यानं तीस वर्षं परदेशी पाहुण्यांना जीपमधून डोंगर दाखवले होते. ते पाहुणे जाताना मोटारसायकलींची चित्रमासिकं मागे टाकून जात. त्यातली भाषा त्याला येत नव्हती, त्यामुळे त्याचा त्यांवर पूर्ण विश्वास होता. म्हातारपणी जीप थांबवल्यावर त्यानं घराशेजारी दगड आणि पत्र्याची एक शेड बांधली. आत चुन्याच्या रेघा मारून चार गाळे आखले.

"चार प्रकारच्या वाटा, चार गाड्या," तो सांगे. "एकाच गाडीनं सगळं करायचं म्हणजे एकाच चमच्यानं कॉफी ढवळायची आणि विहीर खणायची."

दोन वर्षं रोज दुपारनंतर या विषयावर घरात चर्चा चाले आणि मितलक ती एका वहीत, चार रकाने आखून, लिहून ठेवी. मग एकेक गाडी यायला लागली.

पहिली वाळूची. पिवळी, हलकी आणि भयंकर आवाज करणारी. तिला दिवा नाही, मागची सीट नाही, पिशवी अडकवायला आकडा नाही. ती वाळूच्या टेकडीवर चढते, खाली येते, पुन्हा चढते. कुठे पोचत नाही. तिला त्याचं दुःखही नाही.

दुसरी डोंगराची. फार उंच. मितलक उंच नाही. त्यामुळे तो दगडावर चढून तिच्यावर बसतो, आणि जिथे दगड असेल तिथेच त्याला थांबता येतं. एकदा वाटेत योग्य दगडच सापडला नाही, तेव्हा तो थेट पुढच्या गावापर्यंत गेला आणि तिथल्या मशिदीच्या पायरीवर उतरला. लोकांना वाटलं, नमाजाला आला. मग त्यानं नमाज पढला.

तिसरी लांबच्या सडकेची. लाल, रुंद, पुढे वाऱ्याची काच, आसन दिवाणखान्यातल्या कोचासारखं. घरापासून सडक सहा किलोमीटर आहे आणि मधे सगळी वाळू. ट्रकमधून उतरवल्याबरोबर ती अंगणात पोटापर्यंत रुतली. तिला दोर बांधून मीच बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मितलकनं ती पुन्हा चालू केली आणि ती पुन्हा रुतली. सडक तिनं अजून पाहिलेली नव्हती.

चौथा गाळा उम्म दहामच्या स्कूटरसाठी होता. बहिणीकडे गप्पा मारायला जायचं म्हणजे वेगळ्या प्रकारची वाट, असं तिनं ठासून सांगितलं होतं आणि ते कुणाला खोडून काढता आलं नव्हतं. स्कूटर पंधरा दिवसांत येणार होती.

"बाबा, आणि हिचं काय?" थुरय्यानं माझ्या आसनावर हात ठेवून विचारलं.

"हिचा प्रकार कोणता, सांग. वाळू, डोंगर, सडक की गप्पा?"

"सगळेच."

"सगळेच हा प्रकार नाही, पोरी. वहीत बघ. चारच रकाने आहेत."

त्याच आठवड्यात मितलकनं माझी सोय लावून टाकली होती. हमरस्त्यावर सुवैलिम नावाच्या एका भल्या माणसाची खानावळ आहे. ट्रकवाल्यांनी थांबावं म्हणून त्यानं दारात एक उंच लोखंडी खांब रोवला होता आणि त्यावर काहीतरी लक्षात राहण्यासारखं बसवायचं होतं. मितलक उदार माणूस. तिथे जेवता जेवता म्हणाला, "माझी जुनी मोटारसायकल ने. दिली!"

शब्द गेला. आमच्याकडे गेलेला शब्द परत येत नाही. गुरुवारी दुपारी सुवैलिम मला न्यायला येणार आणि शुक्रवारी सकाळी वेल्डर माझ्या पोटातून दोन सळ्या घालणार, असं ठरलं. माझा जीव टांगणीला लागणार होता, तोही वीस फूट उंचीवर.

थुरय्या चार दिवस बापाशी बोलली नाही. माझ्याशी मात्र बोलत होती. "उम्म हम्मादच्या शेळ्यांना पुढच्या रविवारी सुया आहेत," ती साखळी पुसताना म्हणाली. "त्या पिवळीवर खोकं कुठे बांधू? डोंगरवालीवरून उतरायला त्यांच्या तंबूपाशी दगड कुठाय? जायचं कसं, सांग ना." मला सांगता आलं नाही. मी मोटारसायकल आहे.

गुरुवार उजाडला. लटकवायची म्हणून मला धुतलं होतं. मला घरापुढच्या पाहुण्यांच्या तंबूच्या उघड्या बाजूला टेकवून ठेवलं, त्यामुळे पुढचं सगळं मला स्पष्ट दिसलं. सुवैलिम दोर आणि मोजपट्टी घेऊन आला. मितलकचा ऐंशी वर्षांचा चुलता जदआन काका आला, शेजारचे चारजण आले. निखाऱ्यांवर चोचीच्या किटलीत वेलदोड्याची कॉफी उकळू लागली.

तेवढ्यात थुरय्या मागच्या बाजूनं आली. भावाचा लाल चौकड्यांचा रुमाल तिनं डोळे सोडून सगळ्या तोंडाला गुंडाळला होता. तिनं मला किक मारली, आम्ही सगळ्यांच्या देखत निघालो, समोरच्या टेकडीला वळसा घातला आणि सगळ्यांच्या देखत परत येऊन तंबूपुढे थांबलो.

"सलाम अलैकुम," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

दारी आलेला पाहुणा म्हणजे पाहुणा. मितलक गडबडीनं उठला. "या, या पाहुणे! घर तुमचंच आहे."

"माहीत आहे," पाहुणा म्हणाला आणि मानाच्या गादीवर बसला.

जदआन काका डोळे बारीक करून बघत होते. "अरे मितलक, ही तर आपली..."

"काका! पाहुण्याला तीन दिवस नाव-गाव विचारायचं नसतं."

"मी कुठे विचारतोय? मी सांगतोय!"

"तेही नसतं." मितलकला घाम फुटला होता, पण रीत ती रीत. त्यानं पाहुण्याकडे बघून घसा खाकरला. "लांबून आलात का?"

"टेकडीमागून."

"दमला असाल."

"फार."

मितलकनं बिनकानाच्या इवल्या पेल्यात कॉफी ओतून पाहुण्याला दिली. पाहुण्यानं पेला घेतला, त्याकडे पाहिलं आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला.

तंबूतल्या सगळ्या माना त्या पेल्याकडे वळल्या. मित्रांनो, आमच्या वाळवंटात पाहुण्यानं भरलेला पेला खाली ठेवला, की त्याला काही मागायचं असतं. यजमान 'दिलं' म्हणेपर्यंत तो पीत नाही. आणि ज्याच्या घरची कॉफी पाहुण्यानं प्यायली नाही, त्यानं तंबू गुंडाळून चंद्रावर राहायला जावं. तिथेही लोक विचारतील.

"प्या पाहुणे," मितलकच्या तोंडून पस्तीस वर्षांच्या सवयीनं निघालं. "मागाल ते दिलं."

"ही गाडी कुणाला देऊ नका, कुठे टांगू नका. हिला चौथा गाळा द्या."

"दिला!" मितलक म्हणाला. मग त्याला सुवैलिम दिसला.

सुवैलिमचा पेला ओठांपाशी पोचला होता. तिथून त्यानं तो सावकाश खाली आणला आणि जमिनीवर ठेवला. "अबू दहाम, राग मानू नका. शब्द मलाही दिलाय. खांब उभा आहे, वेल्डरला सांगितलंय. माझं मागणं एवढंच, की..."

"प्या सुवैलिम! मागाल ते दिलं!" मितलक पुरतं ऐकूनही न घेता ओरडला. एकच गाडी त्यानं आता दोनदा दिली होती.

आज वाटप चालू आहे हे बघून जदआन काकांनीही आपला पेला खाली ठेवला. "मला त्या पिवळीवर एक चक्कर पाहिजे."

"काका, तुमचं वय काय!"

"पेला बघ, वय काय बघतोस?"

मग शेजाऱ्यांपैकी एकानं ठेवला. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. चौथ्याला काहीच नको होतं, पण एकटं पीत बसायची त्याला लाज वाटली, म्हणून त्यानंही ठेवला. वाफा थांबल्या. आठ माणसं सात पेल्यांकडे बघत बसली. शेवटी मितलकनं स्वतःसाठी एक पेला भरला आणि स्वतःच्याच घरात स्वतःपुढे ठेवला.

पडद्यापलीकडून, बायकांच्या बाजूनं, उम्म दहामचा आवाज आला. "अहो, तुम्हाला काय हवंय?"

"कुणीतरी मला यातून सोडवा."

"प्या. सोडवलं. सुवैलिमभाऊ, तुम्हाला खांबावर मोटारसायकलच पाहिजे ना? की निळीच पाहिजे?"

"मोटारसायकल, ताई. रंगाचं काही नाही."

"मग ती लाल घेऊन जा. आजारी उंटीण बसावी तशी माझ्या अंगणात बसलीय. लांबच्या सडकेसाठीच आणली होती, आणि तुमचा खांब लांबच्या सडकेलाच आहे. तिचा गाळा रिकामा झाला की तिथे माझी स्कूटर. चौथ्यात ही जुनी. झाले ना चार?"

मितलकनं लाल गाडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याचं ते स्वप्न होतं, मित्रांनो, आणि तो क्षण हसण्यासारखा नव्हता. मग तो हळूच म्हणाला, "तिचा पुढचा दिवा लावाल का हो?"

"रोज," सुवैलिम म्हणाला. "आणि दर शुक्रवारी तुम्ही तिच्याखाली बसून माझ्याकडे जेवायचं. भात, मटण, वर दह्याचा रस्सा. नाही म्हणालात तर पेला परत ठेवीन."

"नको, नको! पेला नको!" मितलक ओरडला आणि हसायला लागला. मग सगळेच हसले आणि गार कॉफी एका दमात प्यायले. जदआन काका टेकडीवर एक चक्कर मारून आले. दात हातात घेऊन आले, पण आनंदात आले.

लाल गाडी सुवैलिमच्या टेम्पोत चढवली आणि टेम्पो रुतला. दोर बांधून दोघांना सडकेपर्यंत मीच ओढून नेलं. आज ती वीस फुटांवर झगमगते, ट्रकवाले थांबतात, आणि मितलक शुक्रवारी तिच्याखाली बसून अनोळखी लोकांना तिच्या वेगाबद्दल सांगतो.

त्या दुपारी सगळे उठल्यावर तो म्हणाला होता, "पाहुणे, आता तो रुमाल काढा."

"तीन दिवस कुठे झालेत?" पाहुणा म्हणाला.

तीन दिवस थुरय्या मानाच्या गादीवर जेवली. पहिला घास तिचा, मटणाचा चांगला तुकडा तिचा, भांडी बापाची. चौथ्या दिवशी सकाळी मितलकनं तिच्यापुढे कॉफी ठेवली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "पाहुणे, नाव काय आपलं?"

"थुरय्या. मितलकची मुलगी."

"अस्सं! चांगल्या घरची दिसतेस. जा, सुयांची वेळ झाली."

आणि आम्ही उम्म हम्मादच्या शेळ्यांकडे निघालो.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोपऱ्यात कुणी माझ्यासारखी उभी असेल. नव्या गाड्या जरूर आणा. त्या देखण्या असतात आणि आमची करमणूक होते. फक्त महिन्यातून एकदा जुनीच्या साखळीला दोन थेंब तेल द्या, चाकात हवा भरा, आणि कधीतरी कारण नसताना टेकडीला एक वळसा घालून आणा. मला हात नाहीत आणि कॉफी मला पचत नाही. पण समजा, मी तुमच्यापुढे पेला खाली ठेवला आहे.