छातीवरचा चेंडू

"तुमचं पोरगं अंग चोरतंय, अक्का." दुकानाच्या पायरीवर चपला काढता काढता साहेबराव मास्तर म्हणाले.

गुरम्मा तूर पाखडत होती. सूप थांबलं नाही, पण मूठभर तूर बाहेर सांडली.

"कुणाचं पोरगं?"

"विरूपाक्ष. दुसऱ्याच्या पोराचं गाऱ्हाणं तुमच्या दारात कशाला आणू?"

"मास्तर, मालक गेले त्याच्या पाचव्या दिशी मी ह्या तराजूपाशी बसले. ह्या घरात अंग चोरून कुणी भाकर खाल्लेली न्हाई. तुमी शाळेत शिकिवता म्हणून ऐकून घेतलं."

मास्तर पोत्यावर टेकले. उदगीरच्या शाळेत पंधरा वर्षं पोरांना फुटबॉल शिकवताना त्यांनी बऱ्याच आयांची बोलणी खाल्ली होती, पण गुरम्माच्या जिभेला सगळी पेठ वचकून असे.

"खेळातलं बोलतोय, अक्का. तसं त्याच्यात काय न्हाई ते विचारा. मधे हाफला उभा केला, तर मागं जाऊन बॅकचं काम करतो, पुढं जाऊन गोल मारतो. डावा पाय, उजवा पाय, त्याला दोन्ही सारखेच. गोलकीपरचं बोट मोडलं तर ह्यो गोलात उभारला. खांदा लावला की समोरचा दोन हात लांब जातो. पण चेंडू छातीवर आला की पाठ फिरिवतोय. मागच्या मॅचला लातूरच्या निवडवाल्यांनी बघितलंय. भित्रं हाय म्हणाले."

"भित्रं?" गुरम्मानं सूप खाली ठेवलं.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तीन वर्षं झाली होती. तोवर पोरांना खेळायला उस्मानाबादला जावं लागे आणि तिथून बहुतेक हात हलवत परत यावं लागे. आता स्वतःच्या जिल्ह्याचा पहिला संघ रविवारी निवडला जाणार होता. संघात येणाऱ्यांची पुण्यात राहायची आणि शिकायची सोय होणार होती. दुष्काळाचं दुसरं साल. दुकानात पोत्यांपेक्षा रिकामी जागा जास्त. दोन भावांना इथं पुरेल एवढं काम नव्हतं, हे गुरम्माला कुणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी डोक्यावर पदर घेऊन ती तळ्यावर गेली. शाळेच्या मैदानात गुरांची छावणी पडलेली, म्हणून पोरं आटलेल्या तळ्याच्या तळात खेळत. विरूपाक्षला खेळताना ती पहिल्यांदाच बघत होती.

भेगाळलेल्या जमिनीवर बाकीची पोरं पाय जपत पळत होती. विरूपाक्ष पळत होता तो पायाखाली काय आहे ते आधीच ठाऊक असल्यासारखा. दोघं अंगावर आले, तेव्हा तो थांबला नाही की वाकडा झाला नाही. धान्याच्या मोंढ्यात हमाल गर्दीतून पोतं नेतो, तसा तो चेंडू घेऊन मधूनच निघाला. मग लांबवर एकटं उभं असलेलं पोरगं हेरून त्यानं चेंडू अलगद त्याच्या पायाशी टाकला. गुरम्माची मान आपोआप वर झाली.

तेवढ्यात पलीकडून उंच चेंडू आला. विरूपाक्षचा डावा हात छातीकडे निघाला, अर्ध्यात थांबला, आणि तो गर्रकन वळला. चेंडू पाठीवर आदळून भलत्याच पोराकडे गेला.

"दिसलं का?" मास्तरांनी विचारलं.

"दिसलं."

तिला मास्तरांपेक्षा जास्त दिसलं होतं. तो हात तिच्या ओळखीचा होता. आडावर वाकताना तिचाही हात असाच छातीकडे जाई, लिंगायतांच्या रीतीनं गळ्यातल्या शिवदोऱ्यात बांधलेलं इष्टलिंग सावरायला. थोरल्या मन्मथचं लिंग एकदा आडात पडलं होतं. लिंग अंगावर नसताना अन्नपाणी घ्यायचं नाही, म्हणून आड उपसून ते वर येईपर्यंत गुरम्मानं तीन दिवस पाण्याचा थेंब घेतला नव्हता, मन्मथलाही घेऊ दिला नव्हता. विरूपाक्ष तेव्हा सहा वर्षांचा. दाराआड उभं राहून त्यानं सगळं बघितलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला जवळ ओढून बजावलं होतं, "जीव गेला तरी लिंग अंगावेगळं करायचं न्हाई. डोळ्यावाणी जपायचं."

आता त्या आडात उपसायलाही काही उरलं नव्हतं.

दिवेलागणीला विरूपाक्ष जेवायला बसला. गुरम्मानं त्याच्या ताटात भाकरी टाकली. तेवढ्या खेळापुरतं लिंग काढून माझ्या हातात दे, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. समोर मन्मथ चटणीशी भाकरी मोडत होता. तीन दिवस तहानलेला राहिलेला मन्मथ. त्याच्यादेखत हे कोणत्या तोंडानं बोलावं?

"मास्तर आलता," ती म्हणाली. "भित्रं म्हणाला तुला. रविवारी अंग चोरलंस तर ह्या घरात तोंड दावू नको."

विरूपाक्षनं तिच्याकडे बघितलं. काहीतरी विचारायचं असावं. मग त्यानं मान खाली घातली.

"हाव, अव्वा."

रविवारी ती लातूरला मास्तरांबरोबर मैदानाच्या कडेला उभी होती. खेळ सुरू होऊन चार मिनिटं झाली नसतील, तोच उंच चेंडू आला. विरूपाक्षनं छाती पुढे काढली. आवाज कडेपर्यंत आला. चेंडू त्याच्या पायाशी पडला, आणि समोरच्याला कळायच्या आत तो पुढे निघून गेला.

"आता कसं!" मास्तर ओरडले. "काय सांगितलंत त्याला, अक्का?"

लिंग काढलं पोरानं, एवढंच गुरम्माच्या मनात आलं. राग आला आणि अंगावरचं ओझंही उतरलं. चेंडू पुन्हा आला, पुन्हा आला. प्रत्येक वेळी तो छातीवर घेऊन विरूपाक्ष मैदानभर फिरत होता, मागं अडवत होता, पुढं देत होता, आणि प्रत्येक वेळी तिचा हात मात्र स्वतःच्या गळ्याशी जात होता. न विचारता काढलं म्हणून आधी कडक बोलायचं, मग डोक्यावरून हात फिरवायचा, असं तिनं ठरवूनही टाकलं.

खेळ संपल्यावर टँकरपाशी पोरांना पेलाभर पाणी वाटत होते. विरूपाक्ष आपला पेला घेऊन बाजूला उभा होता. पीत नव्हता. डावा हात अंगाशी धरलेला.

गुरम्मानं काही न विचारता त्याच्या सदऱ्याची बटणं सोडली.

शिवदोरा गळ्यातच होता. लिंगाची चांदीची डबी एका अंगानं चेपली होती. वाकलेला कोपरा छातीत रुतला होता आणि बनियन तिथं रक्तानं चिकटलं होतं. भोवतीची कातडी काळीनिळी पडली होती.

"आत काय झालं न्हाई, अव्वा," तो घाईनं म्हणाला. "हालवून बघितलंय. वाजत न्हाई. हे पाणी लिंग धुवायला ठेवलंय."

मागं भोंग्यावरून नावं वाचायला सुरुवात झाली. तिसरं नाव विरूपाक्षचं होतं. मास्तर त्याला हाका मारत होते. गुरम्मानं वळून बघितलं नाही. तिनं त्याच्या हातातला पेला घेतला, शिवदोऱ्यात बोट घालून डबी अलगद बाजूला केली आणि पाणी त्याच्या जखमेवर ओतलं. शेवटच्या थेंबापर्यंत. तो दचकला, पण मागं सरला नाही.

पदराचं टोक जखमेवर दाबत ती म्हणाली,

"माझं दोन्ही ऐकलंस व्हय रं? येडा हायस. एक तरी मोडायचं होतंस."