दाबलेली बदाम दश्शी

गुरुवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये पत्ते रंगले की लुबर्टचं तोंड सुटायचं. एरवी हा म्हातारा गायीशीसुद्धा अदबीने बोलायचा, पण उतारीचं पान हातात असून कुणी दाबलं आणि वर हुकूम मारला, की संपलंच. गेल्या हिवाळ्यात त्याने खुद्द पाद्रीबुवांना चारचौघांत ‘लबाड’ म्हटलं होतं आणि पाद्रीबुवांनी मुकाट्याने मान खाली घातली होती. हॉलंडमधल्या फ्रिसलंडच्या त्या टोकाला पत्त्यांचे नियम देवाच्या आज्ञांहून जरा वरचेच मानतात.

फक्त रेंस्केला कधी कुणी बोललं नाही.

बारा-तेरा वर्षांत रेंस्केने किती पानं दाबली याची गणतीच नव्हती. त्यात तिचा दोष नव्हता. तिशीत तिला मधूनच जळका वास यायचा, कुणीतरी लांबून गातंय असं ऐकू यायचं आणि मग थोडा वेळ तोंडातून शब्द फुटायचा नाही. शहरातल्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचा शिक्का मारला आणि अशा गोळ्या दिल्या, की हात थरथरायचे, बदाम आणि चौकट एकच दिसायचं. तरी तिची मोठी बहीण गेसिना दर गुरुवारी तिला भिडू म्हणून घेऊन यायची. चूक झाली की गेसिना म्हणायची, “असू दे हं, राणी,” आणि लुबर्ट छताकडे बघायचा.

मग गेल्या वसंतात नवी डॉक्टरीण भेटली. तिने मेंदूचे आलेख काढले आणि सांगून टाकलं, “बाई, तुम्हाला तो आजार कधी नव्हताच. ही फेफऱ्याची एक जात आहे.” जुन्या गोळ्या हळूहळू सुटल्या, नवी सुरू झाली. गाणं थांबलं, हातांची थरथर गेली. रेंस्केने सफरचंदाचा केक करून हॉलमध्ये वाटला आणि सगळ्यांना बातमी दिली. केक सगळ्यांनी खाल्ला, आनंदही सगळ्यांना झाला, आणि पुढच्या गुरुवारपासून पुन्हा तेच मऊ मऊ बोलणं सुरू. ती जरा मोठ्याने हसली की गेसिना विचारायची, “झोप झाली ना नीट?” चीजच्या वजनावरून ती दुकानात भांडली, तर दुकानदाराने गेसिनाला फोन केला. आजार गेला, पण पहारा काही उठेना.

हिवाळ्यातल्या शेवटच्या गुरुवारी बक्षिसाला हातभर लांब धुरावलेलं सॉसेज टांगलं होतं. गेसिनाचा त्याच्यावर कधीचा डोळा. शेवटचा डाव, समोर लुबर्ट आणि त्याची बायको येटा, आणि दोघी बहिणी चांगल्या पुढे. हुकूम किलवर. लुबर्टने उतारीला बदामाचा एक्का टाकला. रेंस्केच्या हातात बदामाची दश्शी होती. तिने ती नीट पाहिली आणि शांतपणे वर किलवरची सत्ती मारली.

शेवटच्या हाताला तिने तीच दश्शी सगळ्यांदेखत खाली टाकली.

लुबर्टची मान लाल झाली. मिशा फुरफुरल्या. बोला लुबर्ट, रेंस्के मनात म्हणाली, बोला एकदाचं.

लुबर्टने छताकडे पाहिलं. “छान खेळलीस हो,” तो म्हणाला.

“छान?” रेंस्के उठून उभीच राहिली. “अहो, बदाम होतं माझ्याकडे! दाबलं मी, मुद्दाम दाबलं! पाद्रीबुवांना लबाड म्हणता आणि मला छान? मी काय पाळण्यातलं पोर आहे?”

कॉफी ओतणारी बाई किटली तशीच धरून उभी राहिली. गेसिनाने बहिणीचा दंड धरला. “राणी, चल, घरी जाऊ. आजची गोळी घेतलीस ना?”

“घेतली. आणि मला राग आलाय. दोन्ही खरं आहे, गेसिना. आता नियम सांग. पान दाबलं तर डाव कुणाचा?”

“त्यांचा,” गेसिना चाचरत म्हणाली. “सगळाच्या सगळा.”

“मग सॉसेज?”

गेसिनाने सॉसेजकडे पाहिलं, मग दश्शीकडे. आता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

“मुद्दाम?” ती म्हणाली. “आपण पुढे होतो! बारा वर्षं मी तुझी पानं सावरत बसले आणि तू मुद्दाम... अक्कल गहाण टाकलीस का गं, गाढवे?”

आणि तिने झटकन स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

“थांबू नकोस,” रेंस्के म्हणाली. “अजून बोल.”

“बोलतेच! पहिल्यापासून अशीच आहेस तू, आजाराच्याही आधीपासून! माझी निळी सायकल कालव्यात कुणी घातली?”

“तिला ब्रेक नव्हते!”

“विचारून नेली होतीस का? दवाखान्याच्या दारात बसून रडले मी तुझ्यासाठी, आणि तू माझं सॉसेज घालवतेस!”

“लबाड!” लुबर्टने टेबलावर मूठ आपटली. इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. “काय काय गिळून बसलोय मी! त्या नाताळचा डाव आठवतोय? लबाड, लबाड! येटा, उतरव ते सॉसेज, आपलं आहे!”

घरी जाताना गेसिना वाऱ्यात डोकं खुपसून पुढे सायकल मारत राहिली. दर गुरुवारी ती पूल ओलांडून रेंस्केच्या घरात शिरायची, गोळ्यांची डबी उघडून बघायची, रेंस्के चहा पिऊन शांत बसली की मगच निघायची. आज तिने पुलाशी येताच सायकल स्वतःच्या घराकडे वळवली.

“पुढच्या गुरुवारी दुसरा भिडू शोध!” ती ओरडली.

“शोधते!”

“शोधच!”

रेंस्के पुलावर सायकलला टेकून उभी राहिली. आपल्यावर कुणी रुसल्याला किती वर्षं झाली, तिला आठवेना. आधी तिचे डोळे भरून आले आणि मग हसू फुटलं, चांगलं खदखदून, कालव्यातली बदकं उडावीत असं. गेसिनाला ते ऐकू गेलंच असणार. पण ती वळली नाही.