रबराचे गांडूळ

सन २००३ साली माझी कन्या निकिता तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षास शिकत होती. इंदिरानगरात माझे पंक्चरचे दुकान होते. सायकलच्या जुन्या ट्यूबांचे तीन कप्पे जोडून तिने एक रबरी गांडूळ निर्माण केले. ती त्यास मऊ रोबोट म्हणे. त्यास ना चाके, ना हाडे. मागचा कप्पा फुगून जमीन घट्ट धरी, मधला लांबे, मग पुढचा धरी आणि मागचा सुटे. असे सरपटत त्याने तुंबलेल्या गटारात शिरावे, माणसास तेथे उतरावे लागू नये, ही तिची मनीषा. त्याचे सर्व जोड माझ्या हातचे होते.

शेजारचा चहावाला भिकन म्हणे, "वाल्मीकभाऊ, चाकं सोडून आता सरपटायला लागले का?"

"तुमच्या चहाच्या आधी पोचतं ते, काका," निकिता उत्तर देई.

कॉलेजच्या प्रदर्शनातून एकच प्रयोग पुण्यास जाणार होता. त्या सकाळी तिची वेणी होईतो मी गांडूळ स्वच्छ पुसले, त्यावर पावडर चोळली आणि ते पिशवीत भरले. टायरात घालण्यापूर्वी ट्यूबला आम्ही पावडर लावतोच. त्यायोगे रबर चिकटत नाही.

परीक्षक सरांसमोर तिने हवा भरली. गांडूळ फुगले, लांबले, आखडले. परंतु जागचे तसूभरही हलले नाही. ज्या चिकटपणाने ते जमीन धरी, तोच मी नाहीसा केला होता.

"जोड कोणी मारले?" सरांनी विचारले.

"वडिलांनी."

"मग बघ, पंक्चर असेल!" सारे हसले.

निकिताने आपली पांढरी झालेली बोटे पाहिली. "सर, परत एकदा करू?"

"आधी काय चुकलं ते सांग."

तिने दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिले आणि मूठ ओढणीखाली घेतली. "माहीत नाही, सर."

मी एक वाक्य बोललो असतो, तर ओल्या फडक्याने काम भागले असते. परंतु एवढ्या शिकलेल्या मंडळींत आपले अज्ञान उघडे करण्याचे धैर्य मजला झाले नाही. सर पुढच्या टेबलाकडे गेले.

परतताना सायकलवर मागे बसून तिने विचारले, "नाना, पावडर तुम्ही लावली होती?"

"नाही गं. मी कशाला लावू?"

तिने मांडीवरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "जोड मात्र एकही सुटला नाही, नाना."

मी पॅडल मारीत राहिलो. तिचे मुख मला दिसत नव्हते, याचे त्या क्षणी मला बरे वाटले.