काळवंडलेले काठ

मित्रांनो, चटकन कुणावर भरवसा ठेवावा असा माझा स्वभाव नाही. मी खामगावातल्या एका स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत उभा असलेला जुना एनलार्जर. छोट्या निगेटिव्हमधून मोठा फोटो कागदावर उतरवणं, हे माझं काम. माझ्या डोक्यात दिवा, पोटात भिंग आणि नजर कायम खाली. खाली मान घालून उभा राहणाऱ्याला वरचं काही दिसत नाही, म्हणून तो कानांनी संशय घेत राहतो. माझं तसंच झालं आहे.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पेंढ्यात गुंडाळून मला लाकडी खोक्यात घातलं. जलंबला गाडी बदलून मी खामगावला उतरलो, तेव्हा हमालानं खोकं उलटंच ठेवलं होतं. माझा संशयी स्वभाव तिथूनच सुरू झाला असावा.

मालक उकंडराव मात्र मऊ हाताचे. माझ्या भिंगावर कधी बोट उमटू दिलं नाही. लग्नं, शाळेचे वर्ग, सरकीच्या पोत्यांवर हात ठेवून ऐटीत उभे राहिलेले अडते, सगळ्यांना आम्ही दोघांनी मिळून कागदावर आणलं. उकंडरावांना कीर्तनाचं भारी वेड. खोलीतलं घड्याळ बिघडलं ते त्यांनी पुन्हा दुरुस्तच केलं नाही. माझा दिवा लावायचा, ‘जय जय रामकृष्ण हरी’चा गजर ठराविक लयीत म्हणायचा आणि गजर पुरा झाला की दिवा बंद करायचा. फोटो कसा मोजून मापून येई! लोक म्हणत, उकंडरावच्या फोटोत माणूस बोलून राह्यला असं वाटते.

मग मोबाइल आले. माझ्यावर जुनी चादर पडली आणि खोलीत वाळवणाचे डबे आले. पापडांच्या वासात किती काळ गेला कुणास ठाऊक.

एक दिवस चादर निघाली. समोर मयुरी होती. मुलगी सोनाळ्याची, शिकायला खामगावात राहिलेली. तिचे आजोबा पंजाबराव हे त्या भागातले नावाजलेले कीर्तनकार. ते गेल्यावर त्यांच्या टाळांच्या पिशवीत एक निगेटिव्ह सापडली. हातात चिपळ्या, तोंड अभंगात उघडलेलं, कपाळावर घामानं ओघळलेला बुक्का. कीर्तनात उभे असतानाचा त्यांचा तेवढा एकच फोटो. गावच्या सप्त्यात तो मोठा करून मंडपात लावायचा होता.

“काकानं एका दुकानात देऊन पाह्यली,” मयुरी सांगत होती. “त्यायनं कॉम्प्युटरवर आजोबाले नवरदेवासारखं गोरं करून टाकलं, आबा. सुरकुत्या गायब, बुक्का बी पुसला. मले माह्या हातानं करा लागते. मले शिकवा.”

उकंडराव हसले. “शिकवतो. पण आधी दुसऱ्या निगेटिव्हवर हात बसव. पूर्वरंग जमल्याशिवाय उत्तररंगाले हात घालू नाही.”

मला ती आवडली नाही. मोबाइलवाल्यांनीच तर माझ्यावर चादर घातली होती. त्यातली एक आता गोड बोलून कशाला आली? पण पहिले काही फोटो स्वच्छ आले; गजर ती म्हणे, माझं बटण मात्र उकंडरावच दाबत. कागद डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, ट्रेमध्ये बुडवला की पांढऱ्यातून हळूहळू चेहरा वर येई, आणि मयुरी दरवेळी “अगा माय!” म्हणे.

तेवढ्यात उकंडरावांच्या पत्नी, गोजरबाई, एका यात्रेला जाऊन आल्या. येताना पेढे आणले, बांगड्या आणल्या आणि खोलीत देवाची एक तसबीर लावून गेल्या. ट्रेच्या वर खिळा ठोकल्याचा आवाज मी ऐकला. “पोर अंधारात शिकून राह्यली, देव असू द्या सोबतीले,” असं काहीसं म्हणाल्या. उकंडरावांनी मागे वळूनही न पाहता “असू दे” म्हटलं.

त्यानंतर फोटो बिघडू लागले. प्रत्येक कागदावर राखेसारखी एक करडी छटा. पांढरं धोतर मळकं, आकाश मळकं, सगळंच मळकं.

“पोरी, मोबाइल घेऊन आत येतं काय वं?” उकंडरावांनी विचारलं.

“नाही आबा. मोबाइल त आजीपाशी ठेवतो.”

“मंग पेपरचा डबा उजेडात उघडला असशीन.”

“नाही जी. आईशप्पथ.”

शपथ खाणाऱ्यावर तर माझा मुळीच विश्वास नाही. मी कान लावून बसलो. दार लावताना तिच्या हाताला जराशी ढिलाई आहे की काय? गजर म्हणताना लय बदलते की काय? बाटल्या हाताळताना काही सांडते की काय? काहीच सापडत नव्हतं. त्यामुळे संशय आणखीच वाढला. उकंडरावही तिच्यामागे उभे राहून तिच्या प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवू लागले. ज्या खोलीत रामकृष्ण हरी चालायचं, तिथं आता फक्त कपाट उघडल्याचे आणि कागद चुरगाळल्याचे आवाज येत.

पेपरच्या डब्यातले कागद सरत आले आणि सप्ता तोंडावर आला. शेवटी एका दुपारी उकंडराव म्हणाले, “आज बी असंच निंघालं त तुही निगेटिव्ह घे अन् घरी जाय. खोलीले मी कुलूप लावतो. ज्याच्या हाताचा भरवसा नाही त्याले शिकवून काय करू?”

मयुरीनं फेकलेल्या कागदांतला एक उचलला आणि लाल दिव्याखाली धरला. फोटोच्या कागदाला तेवढा एकच उजेड चालतो.

“आबा, एक पाहा. पेपर दाबून धरणाऱ्या चौकटीच्या पट्टीखाली त्याचे काठ झाकलेले असतात ना? तठी एनलार्जरचा उजेड पडतच नाही. मंग काठ काऊन काळवंडले?”

उकंडरावांनी कागद डोळ्याजवळ नेला. एका डोळ्याला मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं.

“म्हंजे उजेड दुसरीकडून येऊन राह्यला,” ते सावकाश म्हणाले. “हा लाल दिवाच बदमाश दिसते. बंद कर त्याले. ट्रेपाशी कोरा पेपर ठेव, त्यावर एक रुपया ठेव. खोलीत कुठूनही उजेड आला, त रुपयाखालची जागा पांढरी राहीन अन् बाकी काळं पडीन.”

मयुरीनं दिवा बंद केला. काळोख झाला. दोघं वाट पाहत उभे राहिले. मीही श्वास रोखला, म्हणजे माझ्यासारख्याला जितका रोखता येतो तितका.

“आबा...” मयुरी कुजबुजली. “विठ्ठल दिसून राह्यला.”

“काय बोलतं वं?”

“खरंच. समोर उभा आहे. कमरेवर हात ठेवून.”

उकंडराव भडकले. “अवं, माहा जनम गेला कीर्तनं आयकण्यात! मले कधी दिसला नाही, अन् पेपर नासवणारीले दिसला?”

“हिरवा दिसते, आबा. ट्रेच्या वर पाहा.”

उकंडरावांनी ऑपरेशनचा डोळा तिकडे नेला, आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. गोजरबाईंनी लावलेली तसबीर रेडियमची होती. दार उघडं असताना ती उजेड पिऊन घेई आणि अंधारात तो हिरवा हिरवा परत देत बसे, नेमका डेव्हलपरमध्ये पहुडलेल्या कागदावर. लाल दिव्यात ते कुणाच्या नजरेला आलं नव्हतं. आणि आलं असतं तरी देवावर संशय घेणार कोण?

कागद डेव्हलपरमध्ये धुतला. मधोमध रुपयाएवढं पांढरंशुभ्र वर्तुळ आलं, भोवती सगळी राख.

गोजरबाईंना हाक मारली. सगळं ऐकून त्या स्टुलावर बसल्या. “अवं माय! तो दुकानदार म्हने, अंधारात देव उजेड देते. मले काय मालूम? माह्या देवानं पोरीचं काम नासवलं?”

“देवानं नाही आजी, रेडियमनं,” मयुरी म्हणाली. “बाहेर देव्हाऱ्यात लावू आपण.”

“बसवलेला देव असा उठवत नाही, बाई.” गोजरबाई उठल्या. “पण निजवता येते.” त्यांनी कपाटातून जाड काळी घोंगडी काढली, घडी करून खिळ्यावरून तसबिरीवर पांघरली आणि हलकेच थोपटली. “इठ्ठला, घडीभर डोये मिट, बाप्पा. पोरीले काम करू दे.”

मग उकंडरावांनी मयुरीसमोर पंजाबरावांची निगेटिव्ह धरली. स्वतः दोन पावलं मागे सरकले आणि माझ्या दिव्याचं बटण तिच्या हाताशी सोडलं. इतक्या वर्षांत त्या बटणाला मालकांशिवाय कुणाचा हात लागलेला मला आठवत नाही.

गजर गोजरबाईंनी उचलला. उकंडरावांनी हलक्या टाळ्या धरल्या. मयुरीनं जास्त उजेडानं कपाळ काळं पडून बुक्का हरवू नये म्हणून दोन बोटांची सावली माझ्या उजेडात हलती ठेवली. मी आयुष्यात सोडला नसेल इतका नेमका उजेड सोडला. कागद ट्रेमध्ये गेला. आधी चिपळ्या आल्या, मग उघडलं तोंड, मग एकेक सुरकुती. ओघळलेला बुक्का आला. आणि चारी काठ दुधासारखे पांढरे राहिले.

“हा पंजाबराव!” उकंडराव म्हणाले. “अन् पोरी, उद्या लवकर ये. निगेटिव्ह धुणं अजून शिकवायचं राह्यलं.”

फोटो सोनाळ्याच्या मंडपात लागला. मयुरी अजून येते आणि दरवेळी काम सुरू करण्याआधी घोंगडी नीट बसली की नाही ते हात लावून पाहते.

मित्रांनो, तुमच्या घरी जुन्या निगेटिव्ह असतील तर त्या काठांनी धरा, ओल्यापासून दूर ठेवा. माझ्यासारखं एखादं यंत्र चादरीखाली असेल तर चादर कधीतरी झटका. आणि काही बिघडलं, तर शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ माणसाकडे बोट दाखवण्याआधी खोलीतला सगळा उजेड एकदा बंद करून बघा. माझा संशयी स्वभाव काही गेलेला नाही. पण आता मी संशय घेतो तो आधी उजेडावर. माणसाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, आणि बहुतेक वेळा तोवर काम होऊन गेलेलं असतं.